माझी चांदमारी आणि आबांचं मडकं

बाप हयात असताना मिशी उतरवणारा माणूस आमच्या शिरूर कासारात माझ्याआधी कुणी झाला नव्हता, आणि माझी जी शोभा झाली ती बघून माझ्यानंतरही बरीच वर्षं कुणी धजलं नाही. मिशी उतरायची ती बाप गेल्यावर, नदीच्या काठी, न्हाव्यापुढं मान खाली घालून. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी हैदराबादेहून आलो होतो, आणि हैदराबादेहून आलेल्या माणसाला गावातल्या पुष्कळ गोष्टी ठाऊक असूनही नसतात.

हैदराबादेला मी गेलो तो सासऱ्यांच्या कृपेनं. त्याआधी बाजारात माझं गोटीच्या सोड्याचं दुकान होतं. उन्हाळा लागला की आमच्या बाटल्या आपापल्या मनानं फुटायच्या. एकदा सासरे चकलांब्याहून लेकीला भेटायला आले. मी कौतुकानं त्यांना दुकानात नेऊन बसवलं, आणि त्यांच्या पाठीमागची बाटली तोफ उडावी तशी उडाली. गोटी कुठं गेली ते कळेना. संध्याकाळी आमच्या घरी सासऱ्यांनी पागोटं उतरवलं तेव्हा ती त्यातून निघाली आणि फरशीवर टणटण उड्या मारत दारापर्यंत गेली. सगळं घर ती गोटी थांबेपर्यंत तिच्याकडं बघत होतं. मी तेवढा वेळ छताकडं बघत होतो.

सासरे म्हणजे चकलांब्यातले मोठे जमीनदार, बोलायची घाई त्यांना कधीच नसायची. त्यांनी पंचमीला लेकीला माहेरी नेलं आणि दिवाळी उलटली तरी धाडलं नाही. मी आणायला गेलो तेव्हा ओट्यावर बसवून त्यांनी निकाल ऐकवला.

"जावईबापू, लेक तुमचीच हाय. पण तुमी आदी एक धंदा उभा करा. चार गावांनी नाव घ्यावं असा. आन फुटणारा नको."

"आन न्हाई झाला उभा तर?"

"तर ती हितं काय उपाशी न्हाई."

आत दाराआड बांगड्या वाजल्या. थोड्या वेळानं माझ्यासाठी गूळपाणी आलं. त्यात गूळ दुपटीनं घातलेला होता. एवढ्या एका खुणेवर मी हैदराबाद गाठलं.

तिथं एका ओळखीच्या माणसानं मला पलटणीच्या चांदमारीवर चिकटवलं. शिपाई जिथं निशाणावर गोळ्या मारायला शिकतात त्या मैदानाला चांदमारी म्हणतात. माझं काम निशाणाखालच्या खंदकात बसायचं. डोक्यावरून गोळ्या सूं सूं जायच्या. गोळीबार थांबला की निशाण खाली ओढायचं, गोळी कुठं लागली ते बघायचं आणि लांब काठीला लावलेली तबकडी त्या भोकावर धरून पलीकडच्या साहेबाला दाखवायची. भोक दाखवायचं, हाच तिथला कायदा. लागलेली गोळी दाखवायची राहिली की साहेब खंदकापर्यंत चालत यायचा आणि मग खंदकातल्या माणसाच्या सात पिढ्या निघायच्या. बंदुकीला मी तिथं कधी हातसुद्धा लावला नाही. बंदुकीचं मला एकच टोक ठाऊक होतं, ज्यातून गोळी येते ते.

गावाकडं निरोप मात्र धाडला तो "चांदमारीवर हाय" असा. त्याचा अर्थ गावानं गावाच्या मनानं लावला, आणि तो दुरुस्त करायची मला काही घाई नव्हती.

मिशीचं कारणही तिथलंच. एका शिपायानं मला सांगितलं, मिशी असली की बंदुकीचा दस्ता गालाला नीट बसत नाही, नेम हुकतो. त्याला स्वतःला कानापर्यंत गलमिश्या होत्या आणि पलटणीत त्याच्यासारखा नेमबाज नव्हता, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं. मी त्याच दिवशी न्हाव्यापुढं बसलो.

एकदा सुट्टीच्या दिवशी सिकंदराबादेत एका मेळ्यात बघितलं, तर एक माणूस हवेच्या बंदुकीनं लोकांना निशाणं मारू देत होता. हवेची बंदूक म्हणजे दारू नाही, धूर नाही. नळी मोडून हवा दाबायची, शिशाचा बारीक छर्रा घालायचा आणि घोडा ओढायचा. लोक पैसे देऊन रांगेत उभे होते. हसत होते, एकमेकांना टोमणे मारत होते, हुकलं की पुन्हा रांगेत लागत होते. मी त्या रांगेकडं बघत राहिलो. मला चकलांब्याचा ओटा दिसू लागला. चार गावांनी नाव घ्यावं असा धंदा! पुढं आमचा साहेब विलायतेला निघाला तेव्हा त्याच्या पोरांच्या दोन जुन्या हवेच्या बंदुका मी शेवटच्या पगाराऐवजी मागून घेतल्या. साहेबाला एवढा आनंद झाला की त्यानं छर्ऱ्यांचे डबेही वर दिले. माणूस इतक्या आनंदानं देतो ती वस्तू कशी असेल, हा विचार मला शिवला नाही.

गावी आलो. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा मळ्यातच राहायचे. थंडीपासून त्यांना खोकला धरला होता आणि तेव्हापासून त्यांनी मरणाची बोलणी सुरू केली होती. "यंदाची जत्रा काय मी बघत न्हाई," हे सकाळी एकदा आणि जेवल्यावर एकदा. मी पाया पडायला गेलो. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून चाचपून बघितलं.

"मी हाय ना बे अजून?"

"हाव की, आबा."

"मंग ही कोणाची उतरवलीस?"

"नेमासाठी, आबा. मिशीनं नेम हुकतो."

"आपल्या आज्यानं भाल्यानं डुक्कर मारलं, मिशा तितक्याच व्हत्या. मिशी येईस्तोवर मळ्यात पाय ठेवू नको. माणसाला सुखानं मरू दे."

मी मळ्यात पाय ठेवला नाही, आणि मिशीही ठेवली नाही. रोज सकाळी वस्तरा चालतच राहिला. धंद्याला नेम लागतो, आणि उस्ताद म्हणून मला उभं राहायचं होतं.

बंदूक म्हटल्यावर परवानगी लागणार. मी अमीनसाहेबांच्या, म्हणजे पोलीस फौजदाराच्या, कचेरीत अर्जी घेऊन गेलो. साहेबांनी बंदूक हातात घेतली, नळीला डोळा लावला, फुंकर मारून बघितली.

"इससे किसकू मारना है मियाँ?"

"घड्यांना, हुजूर."

"घडे तेरा क्या बिगाडे?"

कचेरी हसली. मीही हसलो. साहेबांनी खिडकीतून समोरच्या लिंबावर नेम धरला आणि घोडा ओढला. एक वाळकं पान गिरक्या घेत खाली आलं. साहेबांचा चेहरा असा फुलला की आता नाही म्हणणार नाहीत हे मला कळलं. "इन्सान, जानवर, परिंदा, किसीकू लगना नै," एवढी एक अट घालून त्यांनी सही केली.

घडे ही कल्पना माझी स्वतःची, आणि तिचा मला भारी अभिमान होता. मेळ्यातला माणूस कागदाची निशाणं लावायचा. कागदाचं भोक लांबून दिसत नाही. मी ठरवलं, कमी भाजलेली पातळ मडकी घ्यायची, त्यात काठोकाठ पाणी भरायचं. छर्रा लागला की बारीक भोक पडणार, त्यातून धार उडणार आणि सगळ्या जत्रेला दिसणार. मी घरामागं एकदा मारून बघितलं. धार अशी सुरेख लागली की मला माझाच हेवा वाटला.

कुंभाराकडं गेलो आणि सांगितलं, जेवढी कच्ची-पक्की मडकी असतील तेवढी पायजेत. तो माझ्या ओठाकडं बघत राहिला.

"एवढी? का वो, कुठं पटकी-बिटकी लागली का?"

मी हसून म्हणालो, "लागायची हाय अजून. जत्रेच्या दिवशी बघा."

त्यानं चाक थांबवलं. मी अगदी पडता भाव सांगितला, आणि तो "बरं" म्हणाला. आमचा कुंभार एका पणतीसाठी दुपारपर्यंत घासाघीस करणारा माणूस. मला वाटलं, हा हैदराबादचा दरारा. मौतीच्या सामानाचा भाव कुणी करत नाही, हे त्या क्षणी आठवायला काय हरकत होती? पण नाही आठवलं.

आता जागा. आमच्या देवीची जत्रा चैत्रात, सिंदफणेच्या काठी. नदी तेव्हा कोरडी, नुसती वाळू. देवळाजवळ हलवाई, बांगडीवाले, पाळणेवाले जागेसाठी हाणामारीवर आले होते. मी शोधत शोधत जरा खाली, नदीच्या वळणावर गेलो. तिथं पलीकडच्या काठाची उंच मऊ दरड होती. हुकलेला छर्रा त्या मातीत रुतून बसेल, कुणाला लागणार नाही. अमीनसाहेबांची अट आपोआप पाळली जाईल. भोवती मोकळं मैदान. एवढी नामी जागा आणि कुणी मागत कसं नाही, याचं मला नवल वाटलं. त्या वळणावर गाव बारा महिने कशासाठी जातं, हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. मी विचारला तो एवढाच, की दोर कुठून बांधावा.

चकलांब्याला मी मानाचा निरोप धाडला: धंदा सुरू होतोय, सगळ्यांनी यावं, लेकीला घेऊन यावं.

जत्रेच्या सकाळी दरडीपुढं बाजेवर मडकी मांडली. मी पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि खांद्यावर पांढरं उपरणं घेतलं. उस्ताद स्वच्छ दिसावा. फेटा सारखा डोळ्यांवर घसरत होता म्हणून काढून ठेवला. छर्रे हाताशी असावेत म्हणून गालात धरले, चांभार मोळे धरतो तसे. म्हणजे आता माझा अवतार बघा: डोकं बोडकं, ओठ बोडका, अंगावर पांढरं, तोंडातून शब्द नाही.

हवेची बंदूक बघायला गर्दी ही लोटली! बहुतेक परगावची माणसं. एक पैलवान गडी पुढं आला. त्याचे सोबती मागून चेव देत होते.

"मार बे, बघतोस काय? मडकं काय तुला चावतंय?"

"हवेनं कुठं मडकं फुटतंय का रं!"

"तुझ्या हवेनं गाव फुटतंय, मडक्याचं काय घेऊन बसलास!"

पैलवानानं घोडा ओढला. टक् असा आवाज झाला आणि मधल्या मडक्यातून करंगळीएवढी धार लागली. काय आरोळी उठली! इथपर्यंत सगळं मनासारखं झालं. इथंच थांबलो असतो तर पुढचं काही झालं नसतं. पण चांदमारीचा कायदा माझ्या अंगात भिनलेला: लागलेली गोळी दाखवलीच पाहिजे. तबकडीची काठी नव्हती. मी मडकंच उचललं, खांद्यावर घेतलं आणि सगळ्यांना भोक दिसावं म्हणून गर्दीच्या आतून गोल फेरी सुरू केली. माझ्या पाठीमागं वाळूत पाण्याची रेघ उमटत होती.

आमच्याकडं माणसाला चितेवर ठेवलं की लेक पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन भोवती फिरतो. मडक्याला भोक पाडतात, मागं धार लागते, आणि शेवटी तो मागं न बघता मडकं टाकून देतो. आणि गावाच्या चिता रचतात त्या नदीच्या याच वळणावर.

पहिल्या वळणाला आरोळी थांबली. मला वाटलं, लोक थक्क झाले. दुसऱ्या वळणाला एका म्हाताऱ्यानं वहाणा काढल्या. बायांनी पोरांना मागं ओढलं. काहींनी पागोटी उतरवली. साहेबलोकांच्यात मान द्यायला टोपी काढतात ते मी बघितलं होतं. म्हटलं, आपल्याकडंही सुधारणा आली. फेरी पुरी झाली, मडक्यातलं पाणी संपलं, आता त्याचा काय उपयोग, म्हणून मी ते खांद्यावरूनच मागं टाकून दिलं. फट्. आणि दुसरं मडकं भरायचं म्हणून मागं न बघता चालू लागलो.

पैलवानानं बंदूक हळूच वाळूत ठेवली, माझ्यापुढं हात जोडले. "माफी करा दादा. मला ठाऊक न्हवतं," म्हणाला आणि सोबत्यांना घेऊन निघून गेला. बाकीची माणसं एकेक करून वाळूत खाली बसली, गुडघ्यांभोवती हात बांधून. मी आपला खूश. म्हटलं, रांगेत उभं राहून थकली असतील.

आणि तेवढ्यात चकलांब्याची बैलगाडी आली.

सासरे उतरले. त्यांनी माझा ओठ बघितला, डोकं बघितलं, ओलं उपरणं बघितलं, फुटकं मडकं बघितलं, खाली बसलेली माणसं बघितली. माझ्या हसऱ्या चेहऱ्याकडं त्यांचं लक्षच गेलं नाही, किंवा गेलं असेल तर त्यांना वाटलं असेल, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. ते धावत आले आणि त्यांनी मला मिठी मारली.

"जावईबापू! इवाई कवा गेले वो? आमाला निरोप बी न्हाई?"

इवाई म्हणजे व्याही, म्हणजे माझे वडील. मला उजेड पडला तो तेव्हा, आणि असा पडला की तोंडातला एक छर्रा घशाखाली गेला. बाकीचे गालात. मी जोरजोरात मान हलवली. "हूं हूं हूं!" एवढाच आवाज निघाला.

"रडू नका, रडू नका. आमी हाव ना," सासरे म्हणाले आणि त्यांनी माझं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. आता थुंकायचीही सोय राहिली नाही.

गाडीतून सासूबाईंनी हंबरडा फोडला. "अवो इवाईबाबा, आसं कसं केलं वो! माझ्या लेकीला कदी ये म्हणून उलटं बोलला न्हाईत वो!" आणि त्यांच्या शेजारी माझी बायको. कितीतरी महिन्यांनी ती मला दिसली, सासऱ्यांच्या खांद्यावरून, एका डोळ्यानं. ती खरंच रडत होती. आबांनी तिला लेकीसारखं वागवलं होतं. मी तिच्यासाठी हैदराबादेत खंदकात बसलो, बंदुका आणल्या, मडकी आणली, आणि शेवटी आणलं काय तर तिच्या डोळ्याला पाणी. धंदा बुडाला याचं दुःख मला तेव्हा झालं नाही. आता ही पुन्हा गाडीत बसून जाणार आणि या वेळी गूळपाणीसुद्धा मिळणार नाही, एवढंच दिसत होतं.

याच वेळी आबा आले. जत्रा बघणार नाही म्हणणारे आबा, धोतर खोचून, काठी टेकत, मळ्यातून नदीच्या पात्रातून थेट. समोर मौतीला बसावीत तशी माणसं बसलेली. आबांना रीत माहीत. त्यांनी वहाणा काढल्या, मागच्या ओळीत जाऊन बसले आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "कोण गेलं, बाबा?"

"त्या बंदूकवाल्याचा बाप."

"आरारा. कवा?"

"ठाऊक न्हाई. म्हातारा चांगला व्हता म्हणतेत."

"चांगलीच माणसं जातेत," आबा म्हणाले आणि बंदूकवाला कोण ते बघायला त्यांनी मान वर केली.

मी सासऱ्यांच्या खांद्यावरून त्यांना बघितलं. त्यांनी मला बघितलं. आबा काठीवर भार देऊन उठले.

"ये लबाडा! मिशी कुठं हाय तुझी?"

सासऱ्यांचे हात सुटले. मी सगळे छर्रे वाळूत थुंकलो आणि ओरडलो, "आबा जिते हायत! सगळे जिते हायत! ही चांदमारी हाय!"

सासूबाईंचा हंबरडा मधल्या मधेच तुटला. परक्या गावच्या माणसांपुढं जित्या व्याह्यासाठी एवढा गळा काढलेला, आता तो परत कसा गिळायचा? त्यांनी पदर सावरला, डोळे पुसले आणि एकदम खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चांगलंच झालं की! जित्या माणसाच्या मरणाची आवई उठली. इवाईबाबाचं आयुष्य वाढलं आता!"

खाली बसलेल्यांत चुळबुळ झाली. माना हलल्या. ही गोष्ट आमच्याकडं सगळे मानतात. एक जण म्हणाला, "खरं हाय. आमच्या आज्याला आसंच मेला म्हणून रडलते. मंग जे रडलते ते समदे गेले, आजा हाय अजून. दातानं हरबरे खातो."

आबांनी खोकण्यासाठी तोंड उघडलं होतं, ते त्यांनी तसंच मिटलं.

"खरं म्हणता?"

"आन तुमचं तर नुस्तं रडणं न्हाई. मडकं बी फुटलं तुमच्या नावानं. यमाच्या दारी हिशेब चुकता झाला की वो!"

आबांनी बाजेवरची मडकी एकेक करून न्याहाळली. "पण ते ह्या गाढवानं फिरवलं. ह्याचं काही धड होत न्हाई. आण ती बंदूक. पक्कं होऊ दे."

मी बंदूक भरून दिली. पहिला छर्रा दरडीत गेला. आबा आपल्या मिशांवरून हात फिरवत माझ्याकडं बघून म्हणाले, "मिशीचा काय संबंध न्हाई, आदीच सांगतो." दुसरा छर्रा मडक्याच्या पोटात बसला. धार लागली. आबा ती धार पार थेंब थेंब होईपर्यंत बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आपलं पाणी आपल्या डोळ्यानं बघितलं." आणि असे हसले, की मला ते हसणं सोड्याच्या दुकानाच्याही आधीचं आठवलं.

सासऱ्यांना आता चैन पडेना. व्याह्याचं आयुष्य वाढणार आणि आपण बघत बसणार? "जावईबापू, एक आमच्या नावानं बी मांडा." म्हणताच चार म्हातारे उठले. "माझ्या बी." "माझं त्या कडंचं." सासऱ्यांनी नेम धरला, चुकीचा डोळा मिटला आणि घोडा ओढला. त्यांचं मडकं जागेवर. शेजारचं खळकन् फुटलं.

एक म्हातारा ताडकन पुढं आला. "त्ये माझ्या नावाचं व्हतं!"

"मंग तुमचं वाढलं. कावून वरडता?"

"पण मारलं तुमी! आयुष्य कुनाचं वाढलं मंग?"

यावर अर्धी जत्रा भांडत बसली आणि उरलेली अर्धी रांगेत लागली. शेवटी ज्याच्या नावाचं मडकं, आयुष्य त्याचं, मग छर्रा कुणाचाही असो, असा निवाडा झाला. तेव्हापासून कमजोर नजरेचे म्हातारे नेमबाज नातवांना सोबत आणू लागले. मिशीवाले, बिनमिशीवाले, कुबडीवाले. "उस्ताद, नळी जरा डावीकडं धरा, माझं वय झालंय," असं म्हणत वय वाढवून घ्यायला उभे. मडकी संपत आली, मी निरोप धाडला, तर कुंभार स्वतः गाढवावर लादून घेऊन आला. रांग बघितली, सगळं समजून घेतलं आणि पहिल्यांदा भाव चढवला, मग एक मडकं आपल्या नावानं मांडून घेतलं. बंदोबस्ताला आलेले अमीनसाहेब म्हणाले, "हमारेकू घड्यासे कुछ ताल्लुक नै, मगर निशाना देखेंगे." पहिल्याच छर्ऱ्याला त्यांनी मडकं पाडलं आणि तिथून हलायचं नावच घेतलं नाही.

दिवस मावळतीला आला तसे सासरे माझ्याजवळ आले. हातात अजून बंदूक होती. द्यायला तयार नव्हते.

"जावईबापू, धंदा उभा हाय."

मी बंदूक घ्यायला हात पुढं केला.

"फुटतो. पण उभा हाय." त्यांनी गाडीकडं बघितलं. "लेकीला हितंच ठेवून जातो."

गाडीत पदर हलला. बायको आईच्या कानाशी काहीतरी बोलली. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची रीत नव्हती, पण आवाज मला पोचेल इतकाच हळू होता.

"आयं, त्यांना म्हणावं, मी आशा तोंडाच्या घरी येत न्हाई. दोनदा रडवलं मला, हैदराबादेला गेले तवा आन आज. आदी मिशी, मंग उंबरा."

"ती म्हणती, आदी मिशी," सासूबाईंनी जाहीर केलं.

"बराबर बोलली," आबा म्हणाले. "आमची सून हाय."

म्हणजे बाप, सासरा, सासू आणि बायको सगळे माझ्या ओठावर एकमत झाले. पण मी तेव्हा गाडीकडं बघितलं तर तिनं पदर तोंडात कोंबला होता आणि खांदे हलत होते. या वेळी ती रडत नव्हती.

वस्तरा मी त्याच संध्याकाळी न्हाव्याला देऊन टाकला. मिशी यायला लागली ती दुष्काळातल्या बाजरीसारखी, इथं दोन ताटं, तिथं तीन. मी रोज सकाळी पाण्याच्या हंड्यात वाकून पीक बघायचो. आबांना आता मळ्यात मी चालत होतो, ते लांबूनच ओरडून विचारायचे, "पेरणी कशी हाय?" आणि हसता हसता खोकला आला तरी त्याला जुमानायचे नाहीत. आसपासच्या गावांतून जत्रांची बोलावणी येऊ लागली होती, "म्हाताऱ्यांची चांदमारी आमच्याकडं बी आणा" म्हणून.

आखितीच्या सणाला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती आली. उंबऱ्याशी थांबली, माझ्या ओठाकडं नीट बघितलं, म्हणाली, "आता बरं हाय," आणि आत आली.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तर ती अंगणात होती. वैशाखात आमच्याकडं तुळशीवर गळती टांगतात. भोकाचं मडकं, पाणी भरून, थेंब थेंब तुळशीवर पडत राहावं असं. भोकाच्या मडक्यांचा माझ्याकडं ढीग पडला होता. त्यातून तिनं एक निवडलं होतं. छर्ऱ्याच्या भोकात तिनं दर्भाची काडी बसवली, दोर बांधला आणि मडकं तुळशीच्या वर टांगलं.

"ह्याचा नेम लई चांगला हाय," ती भोकाकडं बघत म्हणाली. "तुमचा न्हाई दिसत."

"आबांचा," मी म्हणालो.

आबा मळ्यातून आले होते, ओट्यावर बसले होते. मडक्यातून पहिला थेंब काडीच्या टोकाशी जमला, लोंबकळला आणि तुळशीच्या पानावर पडला. आबा वाकून बघत होते. मग दुसरा पडला.

"भरून ठीव गं पोरी," ते म्हणाले. "रिकामं पडू देऊ नको."

तिनं आणखी एक तांब्या ओतला.